अण्णांचा मणका 'वयामुळे' दबला म्हणून सोडून देऊ नका

पत्र: नमस्कार डॉक्टर. मी पुण्यात असते, आईवडील गावी, वाळवा तालुक्यात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो, वय 72, एसटीत कंडक्टर होते. मागच्या महिन्यात पाण्याची बादली उचलताना पाठीत कट्ट झालं आणि ते तिथेच खाली बसले. आधी हाडवैद्याकडे नेलं, मग एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले मणका जरा दबलाय, वयाप्रमाणे असतंच, आणि पट्टा, कॅल्शियम अन् दुखण्याच्या गोळ्या दिल्या. नंतर मेडिकलसमोर मोफत शिबिर होतं तिथे टाचेच्या मशीनवर हाडांचा आकडा वजा 2.9 आला. आईला दोन वर्षांपूर्वी मनगट मोडल्यावर हाडांच्या ठिसूळपणाची आठवड्याची गोळी सुरू झाली, तीच अण्णांना द्यायची का? शेजारचे काका म्हणतात हा बायकांचा आजार. अण्णांना दमा आहे, गावातल्या डॉक्टरांच्या छोट्या पांढऱ्या गोळ्या बरीच वर्षं घेतात, त्या घेतल्या की बरं वाटतं. तंबाखू आहे, दारू नाही. ते म्हणतात तंबाखूबरोबर चुना जातोच की पोटात, कॅल्शियम कशाला. भाऊ म्हणतो वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन देऊ, पण त्याने जबडा सडतो असा व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय. काय करू?

उत्तर: ताई, पत्र सविस्तर लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण यातल्या ज्या गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात ना, त्यातच सगळं आहे. पहिली गोष्ट म्हणजे 'मणका जरा दबलाय' याचा अर्थ मणका मोडलाय. ते फ्रॅक्चरच आहे. हात मोडला की हाडाचे दोन तुकडे दिसतात, मणक्याचं तसं होत नाही, तो पुढच्या बाजूने चेपतो आणि एक्स-रेत पाचरीसारखा दिसतो, म्हणून घरी सांगताना 'दबलाय' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं काही विशेष नाही. बादली उचलून धडधाकट हाड मोडत नाही हो, 72 व्या वर्षीसुद्धा नाही. उभ्या उंचीवरून पडून किंवा त्याहून किरकोळ कारणाने मणका नाहीतर खुबा मोडला, आणि दुसरं काही कारण सापडलं नाही, तर तेवढ्यावरच ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणाचं, निदान होतं, मग मशीनवरचा आकडा काहीही येवो. म्हणजे अण्णांना हाडांचा ठिसूळपणा आहे की नाही हा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे, आता बघायचंय ते का झालं आणि पुढचा मणका कसा वाचवायचा ते. आणि ते लवकर बघायचंय, कारण एक मणका मोडल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांतच दुसरा मोडायचा धोका सगळ्यात जास्त असतो.

शेजारच्या काकांचं म्हणणं बऱ्याच लोकांचं असतं, आणि खरं सांगायचं तर डॉक्टर मंडळींच्याही मनात कुठेतरी तेच असतं, तुमच्याच घरात बघा ना, आईचं मनगट मोडलं तर लगेच तपासणी आणि गोळी, आणि अण्णांचा मणका मोडला तर पट्टा. बायकांची पाळी गेली की हाडं झपाट्याने झिजतात म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं. पुरुषांचं तसं अचानक काही होत नाही, हाडं मुळात जाड असतात, झीज हळूहळू होते, पण सत्तरीच्या आसपास दोघांचा वेग जवळपास सारखा होतो. जगभरचा ढोबळ हिशोब असा सांगतात की पन्नाशी ओलांडलेल्या तीनपैकी एका बाईला आणि पाचपैकी एका पुरुषाला उरलेल्या आयुष्यात असं ठिसूळपणाचं फ्रॅक्चर होतं. पाचात एक म्हणजे काही कमी नाही. आणि खुबा मोडल्यावर पहिल्या वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांमधे बायकांपेक्षा जास्त असतं, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. मला या विषयाची तळमळ वाटते ती यासाठीच, आजार पकडता येतो, औषधं आहेत, बरीचशी आता परवडणारी पण आहेत, तरी म्हाताऱ्या पुरुषांना पट्टा देऊन घरी पाठवलं जातं.

आता एक काम तुम्ही फोनवरून भावाला सांगून आजच करून घ्या, अण्णांची उंची मोजा. चप्पल काढून भिंतीला टाच टेकवून उभं करायचं, नजर समोर, डोक्यावर एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरायचं, ते भिंतीला काटकोनात टेकलं पाहिजे, खालच्या कडेशी पेन्सिलीने खूण करायची आणि टेपने मोजायचं. मग जुनी उंची शोधा. नोकरीत लागताना मेडिकल झालं असेल, सर्व्हिस बुकाच्या पहिल्या पानावर उंची लिहायची पद्धत असते, कागद कुठेतरी पेटीत असतीलच. तरुणपणच्या उंचीपेक्षा 4 सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर दबलेला मणका हा एकटा नसण्याची शक्यता बरीच. मणक्याची अशी बरीच फ्रॅक्चर दुखतसुद्धा नाहीत, किंवा माणूस म्हणतो पाठ भरलीये, बाम लावतो, विसरून जातो, आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं की पँट पावलावर लोळायला लागली, पोट पुढे आलं, मान पुढे गेली, भिंतीला टेकून उभं राहिलं तर डोकं मागे टेकत नाही. हे सगळं 'पोक आलं' या दोन शब्दांत आपल्याकडे संपवतात. डॉक्टरांना सांगा की पाठीचा बाजूने काढलेला पूर्ण एक्स-रे हवा, छातीमागचे मणके आणि कंबरेचे दोन्ही, नुसता कंबरेचा नको.

आता त्या छोट्या पांढऱ्या गोळ्या. ताई, मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटतीये. भावाला सांगा स्ट्रिपचा फोटो पाठवायला, आणि सुट्ट्या पुडीत मिळत असतील तर डॉक्टरांनाच सरळ नाव विचारायला. प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, डेक्सामेथासोन यापैकी काही लिहिलेलं असेल, किंवा वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल, बेटनेसॉल, डेक्सोना अशी नावं असतील, तर ती स्टेरॉइडं आहेत. घेतल्या की दोन दिवसांत बरं वाटतं, दमही कमी, अंगदुखीही कमी, भूक पण लागते, म्हणून माणूस सोडत नाही आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून परस्पर आणत राहतो. औषध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, दम्याचा अटॅक आला असताना हीच गोळी जीव वाचवते. पण रोज 5 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन महिन्यांच्या वर चाललं की हाडांकडे बघायलाच पाहिजे असा सरळ नियम आहे, आणि अण्णांची तर वर्षं झालीत. हाड रोज थोडं मोडलं जातं आणि थोडं नव्याने भरलं जातं, स्टेरॉइड त्या हाड भरणाऱ्या पेशींनाच दाबून टाकतं, शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, आणि मांड्यांची ताकद जाते. अण्णा जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात दाबून, दोन झटके देऊन उठतात का ते विचारा. हातावर जरासं लागलं की काळेनिळे डाग पडतात का, चेहरा गोल झालाय का, शुगर वाढलीये का, हेही बघा, सगळं त्याच गोळीकडे बोट दाखवतं.

पण, आणि हे आईलाही सांगून ठेवा, गोळी एका दिवसात बंद करू नका. बरीच वर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं, अचानक बंद केलं तर उलट्या, प्रचंड अशक्तपणा, बीपी एकदम खाली असं होऊन जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते आणि ती कमी व्हायची असेल तर दम्याची नीट व्यवस्था आधी लावावी लागते, म्हणजे छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन ती फुंकायची टेस्ट आणि पंप. मला माहितीये गावाकडे पंपाला काय म्हणतात, 'शेवटचा इलाज', 'एकदा लागला की सुटत नाही'. उलटं आहे हो सगळं. पंपातून औषध थेट छातीत जातं आणि मात्रा मायक्रोग्रॅममधे असते, गोळीतली मिलिग्रॅममधे आणि ती सगळ्या अंगभर फिरते. पंपासोबत स्पेसर, म्हणजे तो प्लॅस्टिकचा डबा, घ्या, आणि मारून झालं की गुळण्या, एवढं सांभाळलं की झालं. दमा पंपावर आला की हाडांची अर्धी लढाई तिथेच जिंकलीत असं समजा.

कारण सापडलं म्हणून बाकी तपासण्या सोडायच्या असं मात्र करू नका, पुरुषांच्या बाबतीत तर नाहीच, कारण ठिसूळपणा झालेल्या पुरुषांमधे निम्म्याच्या आसपास लोकांना मागे दुसरं काहीतरी कारण निघतं आणि कधीकधी एकापेक्षा जास्त निघतात. रक्तात सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, लिव्हर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, पीटीएच, आणि सकाळी आठ-दहाच्या दरम्यान घेतलेलं टेस्टोस्टेरॉन, एवढं डॉक्टर सांगतील. मणका दबलेल्या सत्तरीतल्या माणसाला प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस नावाची एक टेस्ट करून घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण मायलोमा म्हणून जो रक्ताचा कॅन्सर असतो तो असाच पाठदुखी आणि कमी हिमोग्लोबिन घेऊन येतो आणि लोक महिनोन्महिने पट्टा बांधून बसतात. प्रोस्टेटची पीएसए ही रक्ताची टेस्ट पण विचारा. आणि आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बारीक ताप, वजन उतरणं, जेवण न जाणं यातलं काही असेल तर एमआरआयला वेळ लावू नका. पायातली ताकद गेली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं.

अजून एक, हे बाकीच्या वाचकांसाठीही लिहिते. फिटची फेनिटोइन किंवा फेनोबार्बिटोन वर्षानुवर्षं घेणारे, थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त डोसने चालू असलेले, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेले, रोज दारू घेणारे, आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोन बंद करायची इंजेक्शनं घेणारे किंवा त्यासाठी वृषण काढलेले पुरुष, यांनी फ्रॅक्चर होईपर्यंत थांबूच नये, आधीच हाडं तपासावी. शेवटच्या गटात तर हाडं फार वेगाने जातात आणि कॅन्सरच्या धावपळीत कुणाच्या लक्षातही राहत नाही.

टाचेच्या मशीनबद्दल. ते अल्ट्रासाउंडचं मशीन असतं आणि त्याचा आकडा खऱ्या तपासणीच्या आकड्याला लावून बघता येत नाही. वजा 2.5 किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस हा नियम डेक्सा स्कॅनसाठी आहे, म्हणजे खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची घनता एक्स-रेने मोजणाऱ्या तपासणीसाठी. शिबिरात वजा 2.9 आलं म्हणून घाबरू नका आणि उद्या दुसऱ्या शिबिरात वजा 1.5 आलं म्हणून निश्चिंतही होऊ नका, तिथेच टेबलावर मिळणारी पावडर तर अजिबात घेऊ नका. डेक्सा सांगली-मिरजेला किंवा कोल्हापूरला करून घ्या, दोन-तीन ठिकाणी फोन करून रेट विचारा, फरक असतो. दहा-पंधरा मिनिटं नुसतं झोपायचं, सुई नाही, रेडिएशन अगदी नगण्य. रिपोर्ट बघताना एक लक्षात ठेवा, म्हाताऱ्या पुरुषांच्या कंबरेच्या मणक्यांना झिजेमुळे हाडाचे काटे आलेले असतात, पोटातली रक्तवाहिनी कडक झालेली असते, आणि दबलेला मणकाही मशीनला दाट वाटतो, त्यामुळे मणक्याचा आकडा खोटा चांगला येतो. अण्णांचा कंबरेचा आकडा नॉर्मल आणि खुब्याचा वाईट आला तर खुब्याचा खरा धरायचा. आणि पुढच्या वेळी त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करायचं, नाहीतर तुलना होत नाही.

आता औषधं. आईची गोळी बहुतेक अलेंड्रोनेट 70 असणार, आठवड्यातून एक. औषध पुरुषांनाही चालतं, त्यात बायकांचं असं काही नाही, पण आईच्या स्ट्रिपमधून अण्णांना देऊ नका. किडनी कशी आहे ते बघितल्याशिवाय देता येत नाही, घशाशी जळजळ किंवा अन्ननलिकेचा त्रास असेल तर चालत नाही, आणि व्हिटॅमिन डी खूप कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम खाली जातं. शिवाय ती घ्यायची पद्धत काटेकोर आहे, आईलाही विचारून बघा ती नीट घेते का, कारण बरेच जण चहाबरोबर घेतात आणि मग पोटात जाऊनही उपयोग शून्य. सकाळी उठल्यावर अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहा नाही दूध नाही, आणि त्यानंतर अर्धा तास बसायचं किंवा फिरायचं, आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. कॅल्शियमची गोळी त्या दिवशी सकाळी नको, दुपारी.

भाऊ म्हणतो ते वर्षाचं इंजेक्शन म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिड 5 मिलिग्रॅम, सलाइनमधून देतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. अण्णांसारख्या माणसाला, जो गोळ्या नियमाने घेईल याची खात्री नाही, हे मला चांगलं वाटतं. 2007 साली एक मोठा अभ्यास आला होता, मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत हे इंजेक्शन दिलेल्या स्त्री-पुरुषांचा, त्यात पुढची फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले. किडनीचं क्रिएटिनिन क्लिअरन्स 35 च्या खाली असेल तर देत नाहीत, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं, आणि पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, ते अण्णांना आधीच सांगून ठेवा आणि पॅरासिटामॉल द्या, नाहीतर 'इंजेक्शन सोसलं नाही' म्हणून पुढच्या वर्षी येणार नाहीत. दमेकरी आहेत, तेव्हा कधी ॲस्पिरिनने धाप वाढली असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

जबड्याचा मेसेज पूर्ण खोटा नाही पण अर्धवट आहे. जबड्याच्या हाडाचा तो त्रास मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटमधे दिसतो ज्यांना हेच औषध दर महिन्याला देतात. ठिसूळपणासाठीच्या डोसला तो दहा हजारांत एखादा, किंवा त्याहूनही कमी. याउलट अण्णांचा दुसरा मणका मोडायची शक्यता किती मोठी आहे ते वर लिहिलंच. इंजेक्शनच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, किडलेले हलणारे दात असतील तर आधी काढून घ्या, हिरड्या भरू द्या, मग इंजेक्शन. तंबाखूने हिरड्यांची काय अवस्था झाली असेल ते तिथे कळेलच आणि तोंडाची तपासणीही होऊन जाईल, तीही हवीच आहे. पुढे कधी दात काढायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरांना या औषधाचं सांगायचं. आणि वर्षानुवर्षं औषध चालल्यावर मांडीत किंवा जांघेत नवीन दुखायला लागलं तर कळवायचं, क्वचित मांडीच्या हाडाला तडा जातो, म्हणूनच तीन-पाच वर्षांनी डॉक्टर पुन्हा हिशोब मांडतात.

मणके एकापेक्षा जास्त दबलेले निघाले, किंवा डेक्साचा आकडा फार वाईट आला, तर डॉक्टर टेरिपॅराटाइड सुचवतील. बाकीची औषधं झीज थांबवतात, हे नवीन हाड बांधतं, आणि स्टेरॉइडमुळे झालेल्या ठिसूळपणात विशेष चांगलं चालतं. रोज पोटाला किंवा मांडीला पेनने टोचायचं, इन्शुलिनसारखंच, पेन फ्रिजमधे, जास्तीत जास्त दोन वर्षं. खर्च जास्त आहे पण भारतीय कंपन्यांची मिळतात, चौकशी करा. हे संपलं की लगेच गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू करायचंच, नाहीतर कमावलेलं हाड परत जातं. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन पण आहे, किडनी कमजोर असलेल्यांना बरं पडतं, पण त्यात तारीख चुकवायची नाही, बंद केल्यावर मणके पटापट मोडल्याची उदाहरणं आहेत. 'सुगी झाली की जाऊ' म्हणणाऱ्या घरात मी ते शक्यतो सुचवत नाही.

अण्णांच्या चुन्याबद्दल मी गंभीरपणे सांगते. चुन्याने हाडं भरत नाहीत, तोंडाची आतली कातडी जळते, आणि तंबाखूबरोबर चुना मळला की निकोटीन आणखी जोरात शोषलं जातं, म्हणजे उलट नुकसानच. कॅल्शियम जेवणातून आणायचं, दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम. दोन कप दूध-दही-ताक घट्टसर असेल तर निम्मं तिथेच होतं, नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, तिळाची चटणी, राजगिऱ्याची भाजी, खात असतील तर सुकट किंवा काट्यासकट छोटे मासे. उरलेलं गोळीने. स्ट्रिपवर 'कॅल्शियम कार्बोनेट 1250' लिहिलेलं असतं, त्यातलं खरं कॅल्शियम 500 च असतं, ते 'एलिमेंटल' म्हणून बारीक अक्षरात छापतात. एका वेळी 500 पुरे, जेवणासोबत. पण नुसत्या कॅल्शियमवर फ्रॅक्चर टळत नाही, ते पाया आहे, उपचार नाही, आणि अण्णांना आत्ता दिलाय तो फक्त पाया. मुतखड्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना सांगा.

व्हिटॅमिन डीची 60,000 ची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा असते, साधारण आठ आठवडे, मग महिन्याला एक. कृपा करून चिठ्ठीवर 'आठवड्यातून एक, रविवारी' असं मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवा, कारण रोज घेऊन कॅल्शियम वाढलेले, उलट्या आणि भ्रम होऊन ॲडमिट झालेले म्हातारे लोक आपल्याकडे दिसतात. आणि कोवळ्या उन्हात बसणं तब्येतीला छान, पण डी बनवणारे किरण त्यात फारसे नसतात, ते साधारण अकरा ते दोन-अडीचच्या उन्हात, त्यामुळे सावली अर्धवट असलेल्या जागी हातपाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, आणि उन्हाळ्यात जपून.

हाडवैद्याकडे आता पुन्हा नेऊ नका. पाठीवर गुडघा देऊन मणका 'बसवणं', अंगावर उभं राहून पाय देणं, जोरात चोळणं, हे मोडलेल्या मणक्याला फार घातक आहे. पट्टा दुखणं आहे तोवर उठताबसताना ठीक, दोन-तीन महिन्यांत सोडवायचा, नाहीतर पाठीचे स्नायू आळसावतात. पडून राहणं तर हाडांचा शत्रूच. दुखणं सोसवायला लागलं की घरात चालणं, मग अंगणात, मग रोज अर्धा तास. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा, हा एक व्यायाम जरी रोज झाला तरी मांड्या परत येतील. फिजिओथेरपिस्टकडून पाठ ताठ करायचे व्यायाम शिकून घ्या. पुढे वाकायचं काही नको, म्हणजे सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन बंद. पंगतीत मांडी घालून ताटावर वाकून जेवण्यापेक्षा टेबलखुर्ची. खालची वस्तू गुडघे वाकवून उचलायची, आणि भरलेली बादली, गॅसची टाकी, वैरणीचा भारा आता दुसऱ्या कुणीतरी.

आणि पडू द्यायचं नाही. मोरीत शेवाळ, गुळगुळीत फरशी, झिजलेली स्लिपर, अंधारातला उंबरा, पायात येणारं लुंगीचं टोक, हे सगळं एका रविवारी बसून दुरुस्त होतं. संडासात आणि मोरीत भिंतीला पक्का दांडा बसवा, भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते. रात्री लघवीला उठायची वेळ सगळ्यात धोक्याची, त्यात प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उठल्यावर बीपी उतरतं, म्हणून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहायचं, नाईट बल्ब चालू ठेवायचा. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या खरंच लागतात का ते विचारा. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका, दिसलं नाही की पाय चुकतो.

अण्णा 'मला काही झालं नाही' म्हणाले, तर त्यांच्याशी आजाराच्या नावावरून वाद घालू नका. 'हाडं ठिसूळ झालीत' म्हटलं की त्या पिढीच्या माणसाला कुणीतरी आपल्याला म्हातारं, निकामी म्हटल्यासारखं वाटतं. एक्स-रे समोर धरा, दबलेला मणका आणि त्याच्या वरखालचा धड मणका बोटाने दाखवा, आणि सांगा की दुसरा असा होऊ नये म्हणून जायचंय. गोळ्या बंद करायला नेतोय असं वाटलं तर ते येणारच नाहीत, तेव्हा दमा जास्त नीट सांभाळायला चाललोय हे आधी सांगा, आणि ते खरंही आहे. जाताना पांढऱ्या गोळ्यांची स्ट्रिप, बाकी सगळी औषधं एका पिशवीत, जुना एक्स-रे, आणि उंचीचे दोन्ही आकडे न्या. हाडांचे डॉक्टर, एंडोक्रायनोलॉजिस्ट म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, किंवा चांगला फिजिशियन, कुणीही हे करू शकतं, फक्त पहिला प्रश्न सरळ विचारा, 'हे ऑस्टिओपोरोसिसचं फ्रॅक्चर आहे ना, मग त्यावर औषध कोणतं सुरू करताय आणि कधी?'

न्यायचं कसं हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, भावाच्या मोटरसायकलवर मागे बसवून नाही. गाडी मिळाली तर पुढच्या सीटवर, पाठीला उशी देऊन. एसटीनेच न्यायचं झालं तर मागच्या चाकांवरची किंवा शेवटची सीट नको, स्पीडब्रेकरवर तिथला माणूस उडून आपटतो आणि नुसत्या त्या आपटण्याने मणका मोडतो. गाडीच्या मधल्या भागात बसवा, आणि हे एक मात्र अण्णांना समजावून सांगायची गरज पडणार नाही.